दोन माणसं आणि केळ्यांचा एक घड

आमच्या गाडीत बसायची एक पद्धत आहे. आधी दार उघडून गाडीकडे पाठ करायची. मग देवाचं नाव घेऊन बूड खाली सोडायचं. सीट आपल्याला वाटते त्याच्या वीतभर खाली असते, त्यामुळे अध्येमध्ये प्रत्येकाच्या तोंडून 'आई गं' निघतं. बूड टेकलं की डोकं आत घ्यायचं आणि शेवटी पाय, एकेक करून, भरलेल्या बॅगेत उरलेले टॉवेल कोंबावेत तसे. उतरताना हेच सगळं उलट्या क्रमाने. फक्त 'आई गं' तीनदा.

गाडी म्हणजे 1991 सालची माझदा एमएक्स-5. लाल, दोन सीटांची, कापडी छपराची. बटण दाबलं की हेडलाइट बोनेटमधून डोळे चोळत वर येतात. उंची जेमतेम चार फूट. पंधरा वर्षांपूर्वी नव्या सोफासेटच्या किमतीत जुनी घेतली. सोफासेट अजून घ्यायचाय, हा विषय घरात अधूनमधून निघतो.

आम्ही राहतो इंग्लंडात, डिडकॉटला. सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदा आल्या तेव्हा गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली, पदर सावरला आणि म्हणाल्या, "छान आहे हो जावईबापू. बाकीची कधी येणार?"

त्यांचं चुकलं नव्हतं. माझं बालपण मारुती 800 मध्ये गेलं. तिची लांबी अकरा फूट. तिच्यात आम्ही सात माणसं, पुरणपोळ्यांचा डबा आणि काकूंना गाडी लागते म्हणून एक रिकामी पिशवी, एवढे पुण्याहून जेजुरीला जायचो. ही गाडी तेरा फूट लांब आणि माणसं दोन. मधली पाच माणसं गेली कुठे, हा हिशेब सासरे अजून मागतात. ते बांधकाम खात्यात होते, त्यांना मोजमापात फसवता येत नाही. मी सांगून पाहिलं, की इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवलंय, ताकद मागच्या चाकांना जाते, वजन पुढे निम्मं आणि मागे निम्मं पडतं, म्हणून गाडी वळणावर तोल सोडत नाही. "म्हणजे पाच माणसं तोलात गेली," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

इंजिन 1.6 लिटरचं, अश्वशक्ती सुमारे 115. शेजाऱ्याची पोरांना शाळेत सोडायची गाडीसुद्धा सिग्नलवर मला मागे टाकते. पण गंमत ताकदीत नाहीच, वजनात आहे. माझी गाडी एक टनाच्या आत भरते. मोठ्या गाड्यांचं घरच्या लग्नासारखं होतं. इंजिन मोठं घेतलं की ते थांबवायला ब्रेक मोठे, ब्रेक बसवायला चाकं मोठी, चाकं पेलायला सांगाडा जाड, आणि एवढं वजन झालं म्हणून पुन्हा इंजिन मोठं. कार्यालय मोठं ठरलं म्हणून पाहुणे वाढवायचे आणि पाहुणे वाढले म्हणून कार्यालय बदलायचं, तसं. हलकी गाडी म्हणजे नोंदणी पद्धतीचं लग्न. टायर स्वस्त, ब्रेक छोटे, पेट्रोल बेताचं. आणि ताशी चाळीस मैलांवर, म्हणजे पोलिसमामांनी हसून हात हलवावा अशा वेगात, आपण काहीतरी भयंकर करतोय असं वाटत राहतं. बूड रस्त्यापासून इतकं जवळ असतं की डांबरात खडी कोणती वापरलीय ते कळतं.

ही गाडी करणाऱ्यांनी एक जपानी शब्द धरला होता, 'जिनबा इत्ताई', घोडा आणि स्वार एकजीव. हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "घोड्यावर निदान पाय लांब सोडता येतात." मग मी जेजुरीचा दाखला दिला. खंडोबाचा घोडासुद्धा टू-सीटरच. देव आणि म्हाळसा, बस्स. "आणि बाणाई?" तिने विचारलं. बाणाईचं देऊळ अर्ध्या डोंगरावर आहे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टू-सीटरची ही अडचण फार जुनी आहे.

या गाडीचा खरा जाच मात्र वेगळाच आहे, तो म्हणजे म्हातारे. पेट्रोल भरायला थांबलो की पाच मिनिटांत एक म्हातारा येतो, बोनेटवर हात ठेवतो आणि म्हणतो, "माझ्याकडे अशीच होती." त्याची वेगळी असते. कुणाची 1958 सालची ऑस्टिन-हीली स्प्राइट, जिला बाहेरून दाराच्या मुठी नव्हत्या आणि डिकीला झाकणही नव्हतं. सामान सीटमागून ढकलायचं. कुणाची एमजी मिजेट, कुणाची ट्रायम्फ स्पिटफायर. पण गोष्ट सगळ्यांची एकच. नोकरी लागली, गाडी घेतली, त्या गाडीत मुलगी पटवली, लग्न केलं, पोर झालं, गाडी विकली. ते पोर आता पंचावन्न वर्षांचं आहे आणि म्हाताऱ्याने त्याला अजून माफ केलेलं नाही.

गेल्या रविवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. बायकोची मोठी गाडी पाहुण्यांना आणायला गेली होती आणि ऐनवेळी लक्षात आलं की रवा कमी आहे. मी तयार होऊन बसलोच होतो, रेशमी झब्ब्यात. "दूध, रवा, केळी, दोन नारळ. वीस मिनिटांत ये," बायको म्हणाली. ऊन पडलं होतं. ऊन पडल्यावर छप्पर बंद ठेवणं हा इथे करंटेपणा मानतात, मग तापमान नऊ का असेना.

सामान लावणं हा या गाडीत एक स्वतंत्र उद्योग आहे. डिकीत स्टेपनी आणि बॅटरी दोघी आधीपासून वस्तीला आहेत. नारळ स्टेपनीच्या पोकळीत बसले. रवा बॅटरीशेजारी. दुधाचे कॅन पायाशी. केळ्यांचा घड शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. हे सगळं मी बाहेरून, वाकून, हात लांब करून केलं, कारण मी दुकानात असताना दोन्ही बाजूंना दोन एसयूव्ही येऊन उभ्या राहिल्या होत्या. दार चार बोटं उघडत होतं.

छप्पर उघडं होतं, म्हणजे मार्ग एकच. झब्बा कमरेला खोचला, डिकीवर चढलो आणि घसरगुंडीवरून उतरावं तसा सीटमागून आत शिरायला लागलो. एक पाय आत, एक बाहेर, अशा अवस्थेत मागून आवाज आला, "माझ्याकडे अशीच होती."

हा म्हातारा मात्र नेहमीचा नव्हता. ॲबिंग्डन इथून सहा-सात मैलांवर. तिथल्या एमजी कारखान्यात, जिथे अशाच उघड्या टू-सीटर व्हायच्या, हा विशीत लागला आणि 1980 च्या ऑक्टोबरात कारखाना बंद झाला त्या दिवशी घरी आला. पुढची नऊ वर्षं, तो म्हणाला, साध्या माणसाला परवडेल अशी नवी उघडी गाडी शोधूनही सापडेना. सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की लोकांना आता त्या नकोच आहेत. बॉब हॉल नावाच्या एका अमेरिकी पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सत्तरच्या दशकातच सांगितलं होतं, की इंग्रजांची ती साधी गाडी तुम्ही करा. ती, म्हणजे ही एमएक्स-5, 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात आली. "तो फोटो मी वर्तमानपत्रात पाहिला," म्हातारा म्हणाला, "आणि वाटलं, आमचं पोर दुसऱ्याच्या घरात वाढलंय." जरा थांबून तो म्हणाला, "आमच्यापेक्षा चांगलं वाढवलंय, हेच वाईट." 2016 पर्यंत दहा लाख गाड्या झाल्या. म्हणजे सोफासेटचा विषय किमान दहा लाख घरांत निघाला असणार, हा माझा हिशेब.

तेवढ्यात थेंब पडायला लागले. डावीकडची एसयूव्हीही निघाली. मी छपराला हात घातला तर म्हाताऱ्याने माझं मनगट धरलं. "छप्पर कशाला? चालत राहिलास तर भिजणार नाहीस."

हे खरं आहे. गाडी बऱ्या वेगात असली की पाऊस काचेवरून उडून डोक्यावरून मागे जातो. सिग्नल लागला की मात्र अभिषेक.

"एकच फेरी," तो म्हणाला. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी केळ्यांचा पट्टा सोडला. त्याने गाडीकडे पाठ केली, बूड सोडलं, अध्येमध्ये आपल्या भाषेत 'आई गं' म्हणाला, पाय आत घेतले आणि घड मांडीवर घेऊन बसला. त्याला परत बाहेर कसं काढायचं, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

गावाबाहेर पडेपर्यंत तो बोलला नाही. पहिल्या वळणाला मी गिअर उतरवला तेव्हा त्याचाही डावा पाय क्लचवर असल्यासारखा दबलेला मला दिसला.

फोन डॅशबोर्डवर वाजला. म्हाताऱ्यानेच बोट लावून स्पीकरवर घेतला.

"गुरुजी संकल्पासाठी खोळंबलेत. कुठे थांबलायस?"

"थांबलो नाही," मी वाऱ्यावर ओरडलो. "पाऊस आहे. थांबलो तर केळी भिजतील."

"मग घरी ये ना!"

पुढे चौक आला. सिग्नल हिरवा होता. म्हाताऱ्याने केळ्यांवरचा एक हात उचलून डावीकडे दाखवला. आमचं घर उजवीकडे आहे.