एक घोटा, दोन पक्ष

जिना संपला असं समजून मी मोबाइलकडे बघत पाऊल टाकलं. एक पायरी उरली होती. घोटा आत वळला आणि लंगडत सोफ्यावर पोचेपर्यंत त्याचा बटाटेवडा झाला.

आईनं लगेच तवा चढवला. आमच्याकडे दुखण्याला औषध एकच, शेक. तापवलेलं फडकं, मिठाची पुरचुंडी, फारच झालं तर गरम पाण्याची पिशवी, जिचं बूच बरोबर मांडीवर असतानाच गळतं. फडकं टेकणार एवढ्यात चिरंजीव आडवे आले. ते नववीत आहेत आणि फुटबॉल खेळतात.

"आजी, शेकू नकोस! ताज्या दुखापतीला शेकलं की रक्त आणखी धावतं, सूज वाढते. पहिले दोन दिवस बर्फ. राइस करायचं, राइस!"

"राइस ना? मग भाताचं पोटीस बांधते."

विश्रांती, बर्फ, आवळपट्टी आणि पाय उंच, यांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली हा राइस शिजवला. बर्फानं ठणका कमी होतो, पण बरं व्हायला उशीरही लागू शकतो, हे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं. मी ते मोबाइलवर वाचलं आणि आईपासून लपवलं.

बर्फाचा ट्रे फ्रीजरला असा चिकटला होता की उलथनं वाकलं. शेवटी जानेवारीत सोललेल्या मटारची पिशवी निघाली.

"फडक्यात गुंडाळा, पंधराच मिनिटं. नाहीतर कातडी भाजते," चिरंजीव म्हणाले. बर्फानं भाजतं हे ऐकून आईनं माझ्याकडे बघितलं, मग तव्याकडे. बायकोनं पिशवीवर मार्करनं 'पाय' असं लिहून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. आखडलेल्या पायाला आता शेक चालेल, अशी परवानगी मिळाली आणि तवा वाजतगाजत परतला. पण तीन दिवस लंगडून कमरेत उसण भरली.

"उसणीला बर्फ नाही की शेक नाही," आई म्हणाली. "पायाळू माणसाची लाथ. आपला नातू पायाळूच की!"

"अगं, तो सिझेरियनचा," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"पोटात पायाळूच होता," बायको म्हणाली. "सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे माझ्याकडे."

एरवी प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणाऱ्या चिरंजीवांनी एकही प्रश्न विचारला नाही. मी पालथा पडलो होतो. ते बूट काढतायत की घालतायत, ते काही दिसत नव्हतं.