हिरव्या झाकणाची ट्यूब आणि 'बिनचूक' मशीन

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: 'औषधाची रक्तातली पातळी मोजणारी मशीन आता पूर्ण ऑटोमॅटिक झाली आहेत. माणसाचा हात लागत नाही, त्यामुळे चूक होऊच शकत नाही. रक्त कधीही द्या, कुठल्याही लॅबमध्ये द्या, आकडा तोच. रेंजमध्ये आला तर डोस बरोबर, नाहीतर कमी-जास्त करा. वर्षातून एकदा आपल्या सगळ्या औषधांची पातळी करून घ्या.' खाली १७ अंगठे. परळच्या एका लॅबमध्ये २२ वर्षं मी हीच मशीन चालवते, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी त्यात खरं काय ते सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा ही तपासणी आमच्याकडे आठवड्यातून दोनदाच लागायची. सॅम्पल साठवायची, एकेक ट्यूब पिपेटने भरायची, आकडे वहीत उतरवायचे. रिपोर्ट हातात पडेपर्यंत डॉक्टरांनी अंदाजाने डोस बदललेलाही असायचा. आता बारकोड चिकटवून ट्यूब रॅकमध्ये ठेवली की बहुतेक औषधांचा आकडा तासाभरात येतो. ३ चा ८ होणं जवळपास संपलं. त्या जुन्या दिवसांसाठी मी अजिबात हळहळत नाही.

पण 'माणसाचा हात लागत नाही' हे कुठून आलं? ट्यूब मशीनपाशी पोचण्याआधी किमान तीन-चार हातांतून जाते. एकदा एका कलेक्शन सेंटरवरून लिथियमचं, म्हणजे मानसिक आजारावरच्या एका औषधाचं, सॅम्पल आलं. आकडा २.९. नेहमीच्या उपचारात तो साधारण ०.६ ते १.२ च्या आत ठेवतात, २.९ म्हणजे माणूस थरथरत, गुंगीत असायला हवा. मी फोन लावला तर पेशंट तिथेच बाकावर बसून चहा पीत होता. ट्यूब पुन्हा हातात घेतली तेव्हा लक्षात आलं, झाकण हिरवं. हिरव्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन असतं, आणि ते बहुतेक वेळा लिथियम हेपरिन असतं. म्हणजे मोजायचं तेच औषध आम्हीच ट्यूबमध्ये घालून ठेवलेलं! 'मॅडम, लाल संपल्या होत्या,' सेंटरवरचा मुलगा म्हणाला. लाल ट्यूबमध्ये पुन्हा घेतलं, ०.७ आलं. मशीन दोन्ही वेळा बरोबर होतं. ट्यूबमध्ये जे होतं ते त्याने इमानदारीने मोजलं.

आणि हात मशीनपाशीही लागतो. टॅक्रोलिमस हे किडनी-लिव्हर बदललेल्यांचं औषध. ते मुख्यतः लाल पेशींत जाऊन बसतं, म्हणून सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणारं पाणी, चालत नाही. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं अख्खं रक्त लागतं आणि आधी पेशी फोडून औषध बाहेर काढावं लागतं. काही नवी मशीन हे स्वतः करतात. आमच्यासारख्या बऱ्याच ठिकाणी अजून माणूसच रसायन घालतो, हलवतो, सेंट्रिफ्यूज करतो आणि वरचं पाणी मशीनला देतो. शिवाय रोज सकाळी पेशंटच्या आधी कंट्रोल चालवायचे, म्हणजे पातळी माहीत असलेली सॅम्पल. कंट्रोल सलग १० वेळा सरासरीच्या एकाच बाजूला पडला तर प्रत्येक आकडा मर्यादेत असूनही काहीतरी सरकलंय, रीएजंट (तपासणीचं रसायन) किंवा कॅलिब्रेशन (मशीनची जुळणी). तो आलेख बघून रन थांबवायची की नाही, हे आजही खुर्चीवरचा माणूस ठरवतो.

'रक्त कधीही द्या' हे वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं. विरारहून एक गृहस्थ टॅक्रोलिमससाठी यायचे. गोळीची वेळ चुकवायची नाही असं त्यांच्या मनावर इतकं बिंबवलेलं, की सकाळी सातची गोळी त्यांनी लोकलमध्येच, दाराशी उभं राहून, बाटलीतल्या घोटभर पाण्याबरोबर घेतली. साडेनवाला आमच्याकडे रक्त दिलं. आकडा आला १८. गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांत औषध रक्तात सर्वात वर असतं. डॉक्टरांना हवी असते ती पुढच्या गोळीच्या अगदी आधीची, सर्वात खालची पातळी. त्या १८ वर विसंबून डोस कमी केला असता तर बदललेली किडनी धोक्यात आली असती. नशीब, आमच्या मुलीने फॉर्मवर 'शेवटची गोळी किती वाजता' हा रकाना भरून घेतला होता. आता ते गोळी खिशात घेऊन येतात, रक्त देतात आणि मग आमच्याच कूलरच्या पाण्याबरोबर घेतात. लिथियमला शेवटच्या गोळीनंतर १२ तास थांबायचं असतं. मशीनच्या पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही.

'कुठल्याही लॅबमध्ये आकडा तोच' हेही नाही. इम्युनोॲसे पद्धतीत, म्हणजे औषधाला चिकटणारी अँटिबॉडी वापरून मोजताना, टॅक्रोलिमसचे शरीरात झालेले तुकडेही थोडेफार औषध म्हणून मोजले जातात, म्हणून रेणूच्या वजनावरून औषध ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीपेक्षा आकडा बहुधा जास्त येतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण या महिन्यात इथे आणि पुढच्या महिन्यात सवलत आहे म्हणून तिथे असं केलंत, तर फरक औषधाचा की पद्धतीचा हे डॉक्टरांनी कसं ओळखायचं? लॅब एकच ठेवा.

आता रेंज. फिटसाठी फेनिटॉइन देतात, त्याची रेंज १० ते २०. एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. रिपोर्ट ८ आला म्हणून घरीच गोळी वाढवलेली, आणि आता ते दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खात होते, जीभ जड. फेनिटॉइनचा साधारण ९० टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. काम करतो तो उरलेला मोकळा भाग. नेहमीची तपासणी दोन्ही मिळून मोजते. यांचं अल्ब्युमिन होतं २, म्हणजे बरंच कमी, म्हणून मोकळा भाग नेहमीपेक्षा जास्त. त्यासाठी एक ढोबळ सूत्र आहे: अल्ब्युमिनला ०.२ ने गुणा, त्यात ०.१ मिळवा, आलेल्या संख्येने रिपोर्टच्या आकड्याला भागा. ८ भागिले ०.५, म्हणजे १६. औषध पुरेसं होतंच. त्यात या औषधाची आणखी एक खोड: एका मर्यादेनंतर लिव्हरला ते उपसणं झेपत नाही, आणि गोळी थोडी वाढवली तरी पातळी भसकन चढते. 'कमी-जास्त करा' लिहिणाऱ्याने हे त्या मुलीसमोर बसून सांगावं.

सगळ्या औषधांची पातळी? बीपीच्या गोळीचं काम बीपी मोजून कळतं, डायबेटिसच्या गोळीचं साखरेवरून, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचं आयएनआरवरून, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीवरून. पातळी मोजायची ती मोजक्या औषधांची, जिथे पुरेसं आणि विषारी यांत अंतर थोडं असतं. बाकीचा खर्च म्हणजे पाकीट हलकं करणं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. मेसेज पाठवणारे काका दुसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांचा रात्री फोन आला. 'मग मी उद्या सकाळी गोळी घेऊन येऊ की न घेता?'

'कुठली गोळी, काका?'

डिगॉक्सिन, हृदयाचं औषध. रोज सकाळी आठला घेतात. त्याला गोळीनंतर निदान सहा तास जायला लागतात, म्हणजे दुपारचे दोन. आमचं कलेक्शन एकला बंद होतं. म्हटलं, न घेता साडेसातला या, गोळी खिशात ठेवा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी विसरू नका.

'चिठ्ठी नाहीये,' काका म्हणाले. 'मेसेजमध्ये होतं म्हणून करणार होतो.'