आवाराबाहेरचा अभ्यासक

खानदेशातल्या माणसाला कापूस घराच्या ओट्यावरूनही दिसतो. मात्र त्याच कापसावर लिहिलेला शोधनिबंध वाचायचा असेल, तर त्याला नेमक्या संगणकासमोर बसावे लागते. माझा पीएच.डी.चा विषय अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांतील, खानदेशचा कापूस-व्यापार हा आहे. तिकडे लढाई जुंपली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपाला आले ते याच तेजीत. या उलाढालीवर एका परदेशी नियतकालिकात एक उत्कृष्ट निबंध आहे. तो उत्कृष्ट आहे हे मी त्याचा सारांश वाचून म्हणतो, कारण फुकट तेवढाच दिसतो.

सारांश लिहिणारी मंडळी मोठी धोरणी असतात. 'प्रस्तुत निबंधात एका रूढ समजुतीला आव्हान दिले आहे', इथपर्यंत ती मोकळेपणाने सांगतात. समजूत कोणती आणि आव्हान काय, हे मात्र कुलपाच्या आत. त्याखाली एक नम्र चौकट असते, की निबंध विकत हवा असल्यास तीस-चाळीस डॉलर भरावेत. जन्मभर कापूस पिकवलेल्या माझ्या वडिलांना मी हा आकडा रुपयांत करून सांगितला. "कापूस आपला, आन् वाचाना पैसा त्यासले?" एवढेच ते म्हणाले आणि पुढे क्विंटलमागे हिशेब मांडू लागले, तेव्हा मी घाईघाईने पावसाचा विषय काढला.

गंमत अशी की साहेबाने १८८० साली छापलेले खानदेशचे गॅझेटिअर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतील बारावा खंड, इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येते, कारण त्याचा स्वामित्वहक्क कधीच संपला. राज्य करणाऱ्यांनी आमच्याविषयी लिहिलेले सारे मोफत. त्यात त्यांचे काय चुकले हे सांगणारे तेवढे डॉलरांत.

आमच्या महाविद्यालयाने अशा नियतकालिकांचा एक डेटाबेस, म्हणजे संगणकावरचा संग्रह, वर्गणी भरून घेतलेला आहे. त्याची ओळख पटवण्याची रीत न्यारी आहे. माणूस कोण, त्याचा मार्गदर्शक कोण, त्याने नोंदणीचे शुल्क भरले की नाही, यांपैकी काहीही त्याला ठाऊक नसते. संगणक महाविद्यालयाच्या जोडणीवरचा आहे ना, म्हणजे त्याचा आयपी पत्ता ठरलेल्या यादीत बसतो ना, एवढेच तो पाहतो. पत्ता बसला की दार उघडते. त्यामुळे रात्री अकरा वाजता घरी टिपणे काढत बसलेला नोंदणीकृत संशोधक त्याच्या लेखी उपरा ठरतो, आणि दुपारी वाचनालयातल्या कूलरच्या वाऱ्यासाठी आत आलेला कोणीही गृहस्थ अधिकृत वाचक ठरतो. ही अतिशयोक्ती नव्हे. ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसलेल्या पाहुण्यालाही वाचू द्यावे, अशी तरतूद अशा अनेक करारांत असते. आमचे शिपाई आप्पा एकदा त्या संगणकावर भुसावळहून सुटणाऱ्या गाडीचे आरक्षण पाहत होते. मागे डेटाबेसचे पान उघडेच राहिले होते आणि त्याच्या कोपऱ्यात महाविद्यालयाचे नाव घालून 'आपले स्वागत आहे' असे इंग्रजीत झळकत होते. माझे असे स्वागत त्या संकेतस्थळाने घरी कधीही केलेले नाही. आप्पांना मी तसे बोलून दाखवले, तर ते म्हणाले, "सर, तुम्ही बसा, माझं वेटिंगच आहे."

घरून वाचण्याची सोयही आहे. तिच्यासाठी अर्ज लागतो. अर्जावर मार्गदर्शकांची, विभागप्रमुखांची आणि प्राचार्यांची सही लागते. आणि तो अर्ज महाविद्यालयाच्या अंतर्गत संकेतस्थळावर असल्यामुळे केवळ आवारातील संगणकावरच उघडतो.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे झुकलेला असताना मी अखेर त्या खुर्चीवर बसलो. निबंधाचे शीर्षक टाकले, नियतकालिक सापडले, अंकांची यादीही उघडली आणि ती माझ्या अंकाच्या अलीकडेच थांबली. ग्रंथपाल मॅडमनी समजावून सांगितले की अशा संग्रहांत पुष्कळदा अगदी ताजी तीन ते पाच वर्षे वगळलेली असतात आणि दर वर्षी ही सीमा एकेक वर्ष पुढे सरकते. "थोडं थांबलात तर आपोआप दिसेल," त्या मनापासून म्हणाल्या. विद्यापीठाने प्रबंधासाठी घातलेली मुदतही दर वर्षी पुढे सरकली असती, तर मीही मनापासून हो म्हटले असते.

दिल्लीकडून आशा नव्हती असे नाही. देशभरच्या संस्थांसाठी सरकारनेच नियतकालिकांची एकत्रित वर्गणी भरायची, अशा 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके. आकडे वाचून मी घरी पेढे आणणार होतो. बातमीच्या पुढच्या परिच्छेदात लाभार्थी म्हणून सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांचा उल्लेख आला. आमचे महाविद्यालय एका खाजगी शिक्षणसंस्थेचे आहे, पेढे राहिले.

शेवटी मी निबंधाच्या लेखकालाच पत्र लिहिले. हा मार्ग सर्वांत सोपा असतो, कारण वाचकाने दिलेल्या डॉलरांपैकी सहसा लेखकाच्या हाती काहीच पडत नाही आणि कोणीतरी आपले लेखन मागत आहे याचाच त्याला आनंद होतो. दुसऱ्याच दिवशी संपूर्ण निबंध आला. सोबत त्या प्राध्यापकांची एक विनंती होती: धुळे परिसरातील एखाद्या जुन्या व्यापारी घराण्याकडे त्या काळातील मोडी लिपीतील वह्या असतील, तर त्यांची छायाचित्रे पाठवता येतील का? अशा वह्या असलेले एक घर माझ्या ओळखीचे निघाले. तिथल्या आजोबांनी वह्या दाखवायला आनंदाने होकार दिला, परंतु छायाचित्रे काढायला आणि वह्या उंबऱ्याबाहेर न्यायला साफ नकार दिला.

मी अत्यंत अदबीने उत्तर लिहिले. सदर साहित्य केवळ आवारात बसून पाहता येते, दूरस्थ वाचनाची सोय तूर्त उपलब्ध नाही, आपण प्रत्यक्ष आल्यास शुल्क काहीही पडणार नाही आणि आजोबा शेवभाजी खाऊ घातल्याशिवाय सोडणार नाहीत. फक्त कृपया मे महिन्यात येऊ नये.