अण्णा जेलवालेच होते

आज अण्णांचं तेरावं होतं. जेवणं चालू होती आणि माझ्या मागच्या पंगतीतल्या एका गृहस्थांनी शेजारच्याला विचारलं, "हे जेलमध्ये होते ना? मग काय, बघायलाच नको." आणि अंगठा तर्जनीवर घासून दाखवला. ज्या माणसाच्या नावाने वाढलेलं पान समोर होतं, त्याच माणसाबद्दल! मी उठून बोलले नाही, कारण समोर काकू व्हीलचेअरवर बसल्या होत्या. आता घरी आलेय, साडेअकरा वाजून गेलेत, डोकं अजून तापलेलं आहे. म्हणून लिहितेय.

हो, होते जेलमध्ये. शिपाई म्हणून लागले आणि तुरुंगाधिकारी म्हणून निवृत्त झाले. मधे येरवडा, कल्याण, शेवटी तळोजा, पण बहुतेक नोकरी ठाण्यातच गेली. माझे बाबा त्यांच्या हाताखाली हवालदार होते आणि आम्ही शेजारी शेजारी क्वार्टर्समध्ये राहायचो. त्या गृहस्थांपेक्षा मला थोडं जास्त माहीत आहे.

काकू नर्स होत्या. त्यांची रात्रपाळी असली की सकाळी अण्णा तिन्ही मुलींच्या वेण्या घालायचे. खाकी पँट, वर बनियन, दातांत लाल रिबीन. मी दारात जाऊन उभी राहिले की माझ्याही घालायचे, आणि माझ्या आईपेक्षा घट्ट घालायचे. शाळा सुटेपर्यंत सुटत नसत. नंतर ड्युटीवर. दिवाळीला आमच्या दोन्ही घरांतले पुरुष कधी घरी नसत, कारण सणाला रजा बंद. पहिल्या अंघोळीला बाबा नाहीत, भाऊबीजेला अण्णा नाहीत, हे आम्हाला इतकं सवयीचं होतं की इतरांच्या घरी तसं नसतं हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं.

आता त्या बाईचं सांगते, कारण अण्णा म्हटलं की मला तीच आठवते.

मी सातवी-आठवीत असेन. तेव्हा पालघर वेगळा जिल्हा नव्हता, तो २०१४ साली झाला. जव्हार-मोखाड्याकडचे बंदी ठाण्यालाच यायचे. ही बाई मोखाड्याकडच्या एका पाड्यावरून निघाली होती. कसाऱ्यापर्यंत मिळेल त्या गाडीने, पुढे लोकलने. कडेवर पोरगं. पोचली तेव्हा मुलाकतीची वेळ संपली होती. नवरा कच्चा कैदी. जामीन मंजूर झालेला, पण जामीन राहायला माणूस नाही, म्हणून आत. परत जायला गाडी नव्हती. गेटसमोर भिंतीला टेकून बसून राहिली.

अण्णांनी नियम मोडून तिला आत सोडलं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण ऐकणाऱ्याला तसं काहीतरी हवं असतं. वेळ संपली म्हणजे संपली. त्यांनी साहेबांच्या कानावर घातलं आणि तिला क्वार्टर्समध्ये आणलं. त्यांच्याकडे पाहुणे होते म्हणून झोपायची सोय आमच्याकडे केली. काकूंनी भाकरी आणि सुकटीची चटणी केली. पोरगं गपागपा जेवलं. बाई पानाला हात लावेना. तिला वाटत होतं, याचे पैसे द्यावे लागतील.

माझे बाबा त्या रात्री चिडले होते. "उद्या कोणी तक्रार केली तर अण्णा, तुम्हालाही मेमो आणि मलाही." त्यांचंही खोटं नव्हतं. कैद्याच्या नातेवाइकांशी जवळीक म्हणजे संशय आलाच.

अण्णांनी तिच्यासमोर खाली बसकण मारली आणि तिच्या बोलीत काहीतरी बोलले. वारली त्यांना यायची, मोडकीतोडकी. ड्युटीवर बंद्यांकडूनच शिकलेले. ती हसली आणि मग जेवली. मोफत वकील सरकार देतं, हे तिला आमच्या ओट्यावर बसून पहिल्यांदा कळलं.

ही बोली शिकायची खोड त्यांना कुठून लागली, तेही त्यांनीच सांगितलेलं. ठाण्याचं जेल म्हणजे जुना किल्ला. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला, पुढे इंग्रजांनी घेतलेला. १८१६ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत असताना याच किल्ल्यातून पळाले. बाहेरचा मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाण्यातून पळायचा बेत सांगायचा आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना ओ की ठो कळायचं नाही, असं सांगतात. तुरुंगाधिकारी असून अण्णा ही पळून जाण्याची गोष्ट आम्हा पोरांना इतकी रंगवून सांगायचे! आणि शेवटी म्हणायचे, आतल्या माणसाची भाषा आपल्याला आली पाहिजे, पहाऱ्यासाठीही आणि त्याच्यासाठीही. नाशिकच्या जॅक्सन वधाच्या खटल्यातल्या कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला इथेच फाशी दिलं, हे सांगताना मात्र ते रंगवून सांगत नसत. कान्हेरे १८ वर्षांचा होता एवढं म्हणायचे आणि उठून आत जायचे.

आता मला माहीत आहे, कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणार की कैद्यांचा एवढा पुळका कशाला. लिहा. देशातल्या तुरुंगांत चौघांपैकी साधारण तिघे कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा शाबीतच झालेला नाही. ठाण्याच्या जेलची क्षमता ११०५ आणि आत चार हजारांच्या वर माणसं, या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात आणि पान उलटलंय. एवढ्या माणसांची सकाळ-संध्याकाळ गिनती घ्यायची, भांडणं सोडवायची, आजारी माणूस वेळेत दवाखान्यात न्यायचा, कोण आज फार गप्प आहे ते ओळखायचं. हे कोण करतं? सैनिकाला आपण सलाम करतो, पोलिसाला निदान घाबरतो. जेलवाल्याला मात्र मुलीसाठी स्थळ आणताना लोक हळूच विचारतात, "बदली दुसऱ्या खात्यात होत नाही का?" अण्णांच्या मुलीच्या, म्हणजे ताईच्या वेळी विचारलं होतं. मी तिथे होते.

हो, खाणारे असतात. मोबाइल आणि गांजा आपोआप भिंत चढून आत येत नाही, मलाही कळतं. पण म्हणून त्या बाईच्या पानातल्या भाकरीचा हिशेब तुम्ही बोटं घासून करणार का?

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी तिचं नाव मुलाकतीच्या रांगेत सगळ्यांत आधी लावलं. एवढंच केलं. आणि संध्याकाळी घरी आल्यावर काकूंना सांगितलं, पोराने बापाला ओळखलं. हे सांगताना त्यांचा आवाज मी पहिल्यांदा तसा ऐकला. नंतर तसाच ऐकला तो धाकटीच्या पाठवणीला.

निवृत्तीनंतर काकूंना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून स्वयंपाक, औषधं, अंघोळ, सगळं अण्णा. मुलींनी बाई ठेवू म्हटलं, ठेवलीही, पण वेणी तेच घालायचे. संध्याकाळी काकूंना व्हीलचेअरवर बसवून तलावपाळीला एक फेरी. भेळ घेतली की काकूंच्या घासातली मिरची स्वतः काढायचे. मी कितीदा तरी समोरून येताना पाहिलंय आणि थांबून गप्पा मारल्यात. परवापर्यंत!

त्या गृहस्थांना कमाई बघायची असेल तर ते अंत्यविधीला जवाहरबाग स्मशानात यायला हवे होते. निवृत्त शिपाई, हवालदार, जांभळी नाक्यावरचे फुलवाले, काकूंच्या हॉस्पिटलमधल्या जुन्या सिस्टर. आणि मागे भिंतीजवळ तीन-चार माणसं उभी होती. कोणाशी बोलली नाहीत. नमस्कार करून निघून गेली. ताईने विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

राग थोडा उतरलाय. ताईशी आत्ताच फोनवर बोलले. त्यांच्याकडे अण्णांचा गणवेशातला एकही धड फोटो नाही, कारण आत कॅमेरा नेता यायचा नाही. पण १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रुप फोटो काढायचे, हे मला पक्कं आठवतंय. क्वार्टर्समधल्या कोणाच्या आईबाबांच्या अल्बममध्ये, माळ्यावरच्या पेटीत असा फोटो असेल तर उद्याच शोधा आणि मला इनबॉक्स करा. मागच्या रांगेत, डावीकडून दुसरे किंवा तिसरे, सगळ्यांत उंच. काकूंना तो पलंगासमोर लावायचा आहे.