‘आपल्या हद्दीत नाही’

कळव्याच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर परवा उल्हास नदीचा फोटो आला. काठापासून काठापर्यंत हिरवीगार जलपर्णी. खाली एकाने लिहिलं, ‘कल्याणवाल्यांनी बघावं, आपल्या हद्दीत नाही.’ माझं डोकंच फिरलं. शहाडजवळ त्याच नदीतून उचललेलं पाणी ठाण्याला येतं. पिताना आपली आणि साफ करताना दुसऱ्याची?

नदी रायगडातल्या कर्जतवरून ठाणे जिल्ह्यात बदलापूर, उल्हासनगर करत कल्याणला येते. वाटेत नगरपालिका, महापालिका, ग्रामपंचायती, वर पाटबंधारे खातं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. तेवढ्या वेळात आपलं पत्र एका टेबलावरून दुसऱ्यावर जातं. पोकलेन उतरेपर्यंत बी गाळात पडलेलं असतं, आणि ते पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं.

मी ब्रिस्बेनला चौदा वर्षं आहे. गेल्या वर्षी मागच्या यार्डात, चाकांच्या कचरापेटीच्या कडेला, भुसभुशीत मातीचा ढीग दिसला. वर भोक नाही. काडी खुपसली तर तांबूस मुंग्या उसळून काडीवर चढल्या. फायर अँट, बाहेरून आलेली डंख मारणारी मुंगी. 24 तासांत कळवणं कायद्यानेच बंधनकारक, म्हणून लगेच फोटो पाठवला. माणसं आली, तेल आणि औषध मुरवलेली मक्याची भरड टाकली, शेजारच्या तीन यार्डांतही टाकली. हद्द कोणाची, हे कोणीच विचारलं नाही. नवी परकी प्रजाती दिसली की राज्याने केंद्राला कधी कळवायचं, खर्चातला निम्मा वाटा केंद्राने कसा उचलायचा, उरलेला राज्यांनी कसा वाटून घ्यायचा, हे 2012च्या कराराने इथे आधीच ठरलंय. मला ठाण्यासाठी एवढंच हवंय. जलपर्णी दिसायच्या आधी सह्या झालेला एक कागद.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, ‘तुमच्याकडे पैसा आहे, माणसं कमी.’

खोटं नाही ते. आणि मीही सोयीचं तेवढंच सांगितलं होतं. फायर अँट ब्रिस्बेनला 2001मध्ये सापडल्या आणि 2023मध्ये सीमा ओलांडून शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, मरविलम्बाला पोचल्या. मधमाश्यांवर जगणाऱ्या व्हरोआ या परजीवी किडीपुढे तर त्याच वर्षी इथे हात टेकले. पण हात टेकायचे, हेसुद्धा केंद्राने आणि राज्यांनी एकत्र बसून ठरवलं. तेवढ्यावर मी अजून अडून आहे.

मग बाकावरच्या जुन्या मित्राने विचारलं, ‘तू इथे होतास तेव्हा कोणाला कळवलंस?’

कोणालाच नाही. आम्ही पोरं तळ्याच्या काठाने जलपर्णीचे फुगलेले देठ टाचेखाली फोडायचो, फट्ट आवाज यायचा. जांभळी फुलं मी आईला आणून द्यायचो. ती तांब्यात घालून देवापुढे ठेवायची. मला ती जलपर्णी तळ्याचीच वाटायची. ती दक्षिण अमेरिकेतून आली, हे मला इथे येऊन कळलं, एका खाडीकाठच्या फलकावर तिचं चित्र बघताना. खाली लिहिलं होतं, दिसली तर कळवा. मी त्या फलकापुढे बराच वेळ उभा होतो. चित्रातलं फूल आईच्या तांब्यातलंच होतं.

मित्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ठाण्यात मी पाणीपट्टी भरत नाही, मतही देत नाही. आई अजून कळव्यातच राहते. पाणी फडक्याने गाळते, मग उकळते.