‘पाच मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्या स्पष्टवक्त्यांस

‘सॉफ्टवेअर घेताना बाहेर पडायची वाट आधी बघा’ या माझ्या गेल्या आठवड्यातल्या लेखावर ‘स्पष्टवक्ता ठाणेकर’ यांची प्रतिक्रिया आली. सॉफ्टवेअर सोडताना आपला डेटा नीट हाती यावा, युरोपच्या डेटा अ‍ॅक्ट या कायद्यात तशी सोय आहे, आपल्याकडे ती करारात मागावी, असं मी त्यात लिहिलं होतं. तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण लिहिता लिहिता वाढलं. मुलगी म्हणाली, बाबा, सोडून द्या. नाही सोडत.

प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो (तिच्यातला डीपीडीपी म्हणजे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा आपला २०२३चा कायदा, आणि पोर्टेबिलिटी म्हणजे आपला डेटा एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क):

‘युरोपच्या कायद्याचं कौतुक वागळे इस्टेटच्या शेडमध्ये काय कामाचं? डेटा बाहेर काढायला प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टचं बटण असतंच, शहाण्या माणसाला पाच मिनिटं लागतात. आपल्या डीपीडीपी कायद्यात पोर्टेबिलिटी मुळात नाहीच, ते लेखात का नाही? डेटा अ‍ॅक्ट २०२४ पासून लागू हेही चूक, निदान तारीख तरी बघावी. वाईट वाटून घेऊ नका, पण असले लेख वाचून लहान धंदेवाला घाबरतो आणि वहीवरच राहतो.’

वाईट वाटलेलं नाही. ‘वाईट वाटून घेऊ नका’ म्हणत माणूस पुढे काय करणार असतो, हे कळण्याइतकं वय झालंय. स्पष्टपणाचंही मला वावडं नाही. फक्त स्वतःचं नाव लिहायला जो तयार नाही, त्याने स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवून घ्यावं, हे गमतीचं वाटलं.

आधी चूक कबूल करतो. युरोपचा डेटा अ‍ॅक्ट ११ जानेवारी २०२४ला अस्तित्वात आला, पण लागू झाला १२ सप्टेंबर २०२५पासून. मी पहिली तारीख धरून लिहिलं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. ‘निदान तारीख तरी बघावी’ हे चार शब्द गाळले असते तरी माझी चूक तेवढीच राहिली असती.

आता ते शहाण्या माणसाचं आणि पाच मिनिटांचं.

माझी ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत रोड नंबर १६च्या आतल्या बाजूला शेड होती. पंपवाल्यांना बुश आणि स्पिंडल असे सुटे भाग करून द्यायचो. तीन लेथ, अकरा माणसं. २०१४मध्ये एक ऑनलाइन बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं, महिन्याला भाडं. छान चाललं होतं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि ‘नव्या आवृत्तीसाठी नवा दर’ असा मेल आला. दर जवळजवळ तिप्पट. पुढच्या मार्चपर्यंत कळ काढली, मग ठरवलं, सोडायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याचा इथे उपयोग नाही.

बटण होतं. नारिंगी रंगाचं, उजवीकडे वर. दाबलं. स्पष्टवक्ते, तुमचंच खरं, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोनच लागली.

आलं काय? गिऱ्हाइकांची एक सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता), मालाची दुसरी, आणि बिलांच्या तेवीसशे पीडीएफ. बिलातल्या ओळी फक्त त्या पीडीएफच्या पोटात. माल पाठवल्याचं कुठलं चलन कुठल्या बिलाचं, हा धागा तुटलेला. गिऱ्हाइकाने दिलेले चाळीस हजार कुठल्या बिलापोटी आले, तेही गायब. म्हणजे उधारीचा आकडा आहे, पण ती कशाची हे सांगता येत नाही. पार्टीला फोन करून ‘तुमच्याकडे माझे किती निघतात हो?’ असं विचारायची वेळ कधी आली आहे का तुमच्यावर? समोरचा काय उत्तर देतो ते मी ऐकलंय.

मराठीत लिहिलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. मालाची फाइल एक्सेलमध्ये उघडली तर कोडच्या आधीची शून्यं उडालेली, ००४७१चं झालं ४७१. बुशचा एक कोड होता ५-१०, त्याची तारीख झाली. ऑक्टोबर महिन्याचा बुश! आणि फोन नंबर आधी ९१ लावून साठवलेले, म्हणजे बारा आकडी. एक्सेलने ते आखडून ९.१९८२ई+११ असे केले. मी भोळेपणाने फाइल तशीच सेव्ह केली, नंबर कायमचे गेले. आमच्याकडे त्या काळी निम्म्या लोकांचे नंबर ९८२०ने सुरू व्हायचे. त्यामुळे साठ-सत्तर गिऱ्हाइकांचा नंबर एकच.

यातलं एक्सेलचं पाप माझं, हे मान्य. शहाण्याने सेव्ह केलं नसतं. पण पीडीएफच्या पोटातल्या ओळींना शहाणपण काय करणार? भाचा आणि मी एकोणीस रात्री बसून बिलं नव्याने टाइप केली. टाकून देता येत नव्हती, कारण जीएसटीच्या कलम ३६प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागदपत्रं सांभाळावी लागतात. आणि भाडं बंद केल्यावर जुन्या सॉफ्टवेअरचं दार बंद. तेव्हा ‘ज्याला कळत नाही तो लिहितोय’ असा जो सूर तुमच्या प्रतिक्रियेला आहे, तो जरा खाली घ्या. मी हे पुस्तकात वाचून लिहिलेलं नाही.

आणि म्हणूनच मी कायद्याबद्दल लिहिलं होतं. ‘डेटा मिळेल’ एवढ्यावर भागत नाही, कुठल्या रूपात मिळेल हे महत्त्वाचं. जीडीपीआर या युरोपच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात, कलम २०मध्ये, २०१८पासून शब्द आहेत: सुसंघटित, सर्रास वापरातलं, यंत्राला वाचता येईल असं रूप. पण तो हक्क व्यक्तीला, तिच्या वैयक्तिक माहितीपुरता. माझ्या शेडसारख्या धंद्याला तो उपयोगी नव्हता. डेटा अ‍ॅक्टने ही उणीव भरली. तिथे क्लाउडवरची, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर ऑनलाइन चालणारी, सेवा सोडायची तर नोटीस जास्तीत जास्त दोन महिन्यांची, स्थलांतराला साधारण तीस दिवस, आणि त्यानंतरही निदान तीस दिवस आपला डेटा काढून घेण्याची सोय. सोडून जाण्याचे पैसे तर १२ जानेवारी २०२७पासून आकारताच येणार नाहीत. माझ्या नारिंगी बटणामागे यातलं काही नव्हतं. त्यांनी दिलं ते घेतलं, एवढाच व्यवहार.

हे वागळेला कशाला? एकच उदाहरण देतो. २०२४च्या पहिल्या तिमाहीत गूगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही क्लाउड सोडून जाणाऱ्यांचं डेटा बाहेर नेण्याचं शुल्क माफ केलं, आणि ते फक्त युरोपातल्या गिऱ्हाइकांपुरतं ठेवलं नाही. तेव्हा नवी मुंबईत महापे-रबाळ्याच्या ज्या कारखान्यांना मी आज सॉफ्टवेअर निवडून देतो, त्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायला लावतो: तुमचे युरोपात गिऱ्हाईक आहेत का? असतील तर सोडून जायची सोय तुम्हाला तिथे करावीच लागते, मग तीच आम्हाला करारात लिहून द्या. विक्रीला आलेला पोरगा गडबडतो. वरच्याला फोन लावतो. त्या फोनवरच्या उत्तरावर मी निम्मा निर्णय घेतो.

डीपीडीपीचं म्हणाल तर तुमचं वाक्य बरोबर आहे, पण तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या मसुद्यात पोर्टेबिलिटी होती, २०१९च्या विधेयकातही होती, ते २०२२मध्ये मागे घेतलं आणि २०२३च्या कायद्यात ती आलीच नाही. झालं? शिवाय आली असती तरी ती व्यक्तीच्या माहितीसाठी आली असती, माझ्या बुशच्या कोडसाठी नाही. जे कायदा देत नाही ते करारात मागावं लागतं, हेच तर मी लिहिलं होतं. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर दिसलं असतं.

तुम्ही मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलली असेलच कधीतरी. २० जानेवारी २०११ला ती सोय देशभर झाली. त्याआधी लोक नंबरसाठी वाईट सेवा मुकाट सोसत होते. तेव्हाही कुणी म्हणालं असेल, नवा नंबर सगळ्यांना कळवायला कितीसा वेळ लागतो, पाच मिनिटं.

लहान धंदेवाला घाबरून वहीवर राहील, या भीतीवर काय बोलू? राहिला तर राहू दे. वही निदान कपाटातून काढून घरी नेता येते. (हे रागाने लिहिलंय, सल्ला म्हणून घेऊ नका. वहीवरून जीएसटीचं विवरणपत्र भरताना काय होतं तेही मी पाहिलंय.)

ती २०१८ची फाइल माझ्याकडे अजून आहे. तिच्यात एकशे बाराव्या ओळीला नावाच्या जागी सात प्रश्नचिन्हं, फोन ९.१९८२ई+११ आणि पुढे येणं १८,६४० रुपये. मेल केलात तर ती पाठवतो. पाच मिनिटं काढा आणि हा माणूस कोण ते तेवढं शोधून द्या.