मिलिटरी सक्तीची केली की जात जाते म्हणणाऱ्यांनी मसूर स्टेशन आठवावं

परवा आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. "इस्रायलसारखी सगळ्यांना 2 वर्षं मिलिटरी सक्तीची करा, एका ताटात जेवले की जात-धर्म संपतो, देश एक होतो, बेकारी पण जाते." त्यावर मामांचाच धाकटा, जो रोज पहाटे कोरेगाव रोडला भरतीसाठी पळतो, तो मला विचारतोय की दादा हे खरंय का. म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे इस्रायलमध्ये सगळ्यांना सक्ती आहे हेच खोटं. तिथल्या बहुतेक अरब नागरिकांना सक्ती नाही, कट्टर धार्मिक ज्यू पोरांना वर्षानुवर्षं सूट होती, 2024 ला कोर्टानं त्यांनाही भरती करा म्हटलं. ड्रूझ या अरबी बोलणाऱ्या छोट्या धार्मिक समाजाच्या पोरांना मात्र 1956 पासून सक्ती, त्यांच्या पिढ्या लढल्या, मेल्या, आणि 2018 ला राष्ट्र म्हणून हक्क फक्त ज्यूंचा असा कायदा झाला तेव्हा त्याच ड्रूझांना तेल अवीवमध्ये मोर्चा काढायला लागला. युरोपातल्या युगोस्लाव्हियात पण सक्ती होती, पोरं एकमेकांत मिसळावीत म्हणून मुद्दाम दुसऱ्या प्रांतात पाठवायचे. 1991 ला देश फुटला आणि एकाच सैन्यात बंदूक शिकलेली पोरं एकमेकांवर गोळ्या झाडत होती.

आता जातीचं, ज्याचा मला खरा राग आलाय. सातारकरांनी तरी हे फॉरवर्ड करू नये. बाबासाहेबांचे वडील रामजी सैन्यात सुभेदार होते, रिटायर झाल्यावर साताऱ्यात राहिले. सुभेदाराच्या त्या पोराला इथल्या शाळेत वेगळं, स्वतःच्या गोणपाटावर बसायला लागायचं. 1901 ला ही घरची पोरं बाहेरगावी नोकरीला असलेल्या वडलांना भेटायला निघाली, मसूर स्टेशनला उतरली, अंगावर चांगले कपडे, पण जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागं सरला, एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, ते पण पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि तो बाजूनं चालणार या अटीवर. वाटेत पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. बापाची कित्येक वर्षं सैन्यात गेली होती, त्याचा त्या पोरांना घोटभर पाण्याइतका पण उपयोग झाला नाही.

एक मान्य करतो, युनिटमध्ये माणसं जवळ येतात. आमचे अण्णा सैन्याच्या सिग्नल म्हणजे संदेश पोचवणाऱ्या विभागात होते, त्यांचा पंजाबी दोस्त अजून दिवाळीला फोन करतो. पण अण्णा स्वतःहून गेले होते, कोणी धरून नेलं नव्हतं. आणि तेच सांगतात, युनिटमध्ये कोणी जात विचारली नाही, रजेवर येऊन एसटी स्टँडला उतरलो की परत सुरू.

बेकारीचं तर सोडाच. दरवर्षी 18 पूर्ण करणारी पोरंच 1 कोटीच्या वर, अख्खं लष्कर 12 लाखाच्या आसपास. ठेवणार कुठं, पगार कोण देणार आणि 2 वर्षांनी घरी आल्यावर काम कुठलं?

मामा, राग मानू नका, पण हे पण त्याच ग्रुपवर टाकतोय. धाकट्याला म्हणावं पळणं बंद करू नको.